चारला पडदा

दुपारी चार वाजता मी रात्र सोडते.
दोरी डाव्या खांबाला, काळं कापड दुहेरी.
परळच्या शेडमध्ये सहाजणी, अजून आदत,
दुधाचे दात, कानात पिवळे बिल्ले,
आई माणदेशी, बाप मेरिनो.
बाहेर कँटीनमध्ये वडे तळतायत,
आत मार्गशीर्ष, तोही कुठल्या थंड मुलखातला.

हे डॉक्टर आजगावकरांचं डोकं.
त्या म्हणतात, मेंढीला वय कळत नाही, रात्र कळते.
मेंदूत तुरीच्या दाण्याएवढी गाठ,
अंधार पडला की पाझरायला लागते,
आणि किती वेळ पाझरली
यावरून रक्त महिना ओळखतं.
आधी लांब दिवस भोगून व्हावे लागतात.
मग रात्री वाढल्या की वरून निरोप सुटतो,
तासाला एक, पाऊण तासाला, वीस मिनिटांनी,
पाणी यायच्या आधी
नळ खोकतो ना, तसा.

वजनही लागतं. अठ्ठावीस किलोच्या आत
हे पंचांग उघडत नाही.
म्हणून ढेप, म्हणून रोज सकाळी काटा.
पाच नंबर काट्यावर चढत नाही. ढकलावी लागते.

पडद्याबाहेर दुसऱ्या सहा.
त्यांच्यावर समोरच्या टॉवरचे हॅलोजन,
स्लॅब रात्रीच ओततात,
आणि फ्लॅटची निळी जाहिरात, कधीच न विझणारी.
या सहाजणींचा
गेले नऊ महिने एकच दिवस चालू आहे.
इस्माईल पटवेकर म्हणतो, बाई, आपलं तरी वेगळं काय?
आणि विडी चपलेखाली विझवतो.

मेंढ्याचं नाव वकील.
नस कापलेली, हौस शाबूत.
छातीला तेलात कालवलेला गेरू फासायचा,
दोन्हीकडे फिरवायचा,
सकाळी कुणाच्या कमरेवर लाल उमटलं ते वहीत.
पडद्यातल्या एक, दोन, चार, सहा पटापट माजावर आल्या.
तीन जरा रेंगाळली.
बाहेरची एकही नाही.
पाचही नाही.
वजन तीस. रक्तात काही नाही,
आठवड्यातून दोनदा, मानेची लोकर सारून
मीच काढते.

मग सापडलं.
कापडाला भोक, चार आण्याएवढं,
नेमकं तिच्या बसायच्या जागेसमोर.
रात्री दोनला मी तिथे बसून पाहिलं,
लेंड्यांत, गुडघे धरून.
निळा ठिपका भिंतीवरून सरकत आला,
तिच्या डोळ्यावर थांबला.
वन बीएचके. टू बीएचके.

भोक शिवलं. काळा दोरा नव्हता,
घरच्या डब्यातला विटकरी.
डॉक्टरांना दोन दिवस सांगितलंच नाही.

याच वहीच्या शेवटच्या पानावर
मागल्या बाजूला माझ्या तारखा आहेत.
शेवटची फेब्रुवारीतली, गेल्या वर्षीच्या.
पुढे रकाने आखलेत, भरले नाहीत.
आता संपलं म्हणायला हरकत नाही, असं
दवाखान्यातली मुलगी म्हणाली,
आणि पुढच्या बाईला हाक मारली.
मला वाटलं होतं काहीतरी वाजेल.
मी केईएमसमोर उसाचा रस प्यायले,
बर्फ न घालता,
आणि चारच्या आत शेडवर परत.

बेचाळिसाव्या सकाळी आठला पडदा वर घेतला.
पाच नंबर वकिलाला टेकून उभी,
शेपूट हलवत,
कमरेवर गेरू, वेडावाकडा, अजून ओला.
काट्यावर आपणहून चढली.
एकतीस किलो चारशे.

वही संपत आलेली, शेवटचंच पान.
नंबर लिहिला, वेळ लिहिली,
बोट पुसायचं राहिलं.
तेल होतं त्यात.
डाग मागच्या बाजूला उतरला.